घट्ट बसलेले खण

आमच्या बाहेरच्या खोलीत एक खणांचं कपाट आहे. कमरेएवढं उंच, तीन खणांचं, नक्षी नाही, लॅमिनेट नाही, लोखंडी सरकपट्टी नाही. पाहुणे येतात, वरच्या फळीवरून हात फिरवतात आणि विचारतात, "हे कुठून घेतलं?" माझा नवरा लगेच सांगतो, "घरच्या सुतारीणबाईंनी केलंय. अमेरिकन पद्धत आहे, अडीचशे वर्षांपूर्वीची." पाहुणे कौतुकाने माझ्याकडे वळतात आणि मी चहा टाकायला आत जाते. लोकांना तो विनय वाटतो. विनय माझ्यात फारसा नाही. मला त्या कपाटाची लाज वाटते.

मी इथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवणीचं काम बघते. कोणता कंटेनर कधी भरायचा, कोणते कागद कोणाकडे, काय राहिलं, काय झालं, सगळं लिहून ठेवायचं आणि खोडत जायचं. हाच स्वभाव घरातही आहे. फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी. परदेशी गिऱ्हाइकांचे कॅटलॉग आमच्याकडे येतात. त्यात आमचेच टॉवेल घड्या घालून ठेवलेले असतात. एकदा त्या टॉवेलांपेक्षा ते ज्यावर ठेवले होते त्याच्याकडे माझं लक्ष गेलं. साधं लाकडी कपाट, सरळ पाय, गोल लाकडी मुठी. कुठेही उगाच काही नाही. मला ते फार आवडलं. माझ्या स्वभावाचं फर्निचर मी पहिल्यांदाच बघत होते.

आमच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, जुन्या अमेरिकेतल्या खेड्यांतल्या लोकांची ही पद्धत. मग मी एक पुस्तक मागवलं आणि एका म्हाताऱ्या अमेरिकन सुताराचे व्हिडिओ बघायला लागले. गच्चीवर पत्र्याची शेड होती, तिथे टेबल टाकलं. रंधा, पटाशा, करवत, काटकोन बघायला गुण्या घेतला. वखारीतून आंब्याच्या फळ्या आणल्या. पहिलं स्टूल केलं ते असं डुगडुगायचं, की नवरा त्यावर बसून म्हणाला, "वा! पाळण्याची सोय झाली." दुसरं स्टूल बरं झालं. मग सांधे शिकले. खणाची पुढची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत दातांनी अडकवायची. दात मुळाशी अरुंद, टोकाशी पसरट, पारव्याच्या शेपटीसारखे, म्हणजे कितीही ओढलं तरी सुटत नाहीत. असे सांधे मी कितीतरी वाया घालवले. लाकूड फाटायचं, दात तुटायचा, फट राहायची. नवरा फटीत बोट घालून विचारायचा, "ही अमेरिकन फट की सोलापुरी?" पण मी सोडलं नाही.

त्या वर्षी थंडीत माझ्या माहेरी करकंबला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा लहानसा झटका आला. उजवा हात काही दिवस लुळा पडला. मग सुधारला, पण भाऊ आणि मी घाबरलो होतो. अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. पाना धरणारे हात. कोणी काही उघडत नसेल, सुटत नसेल, तर गल्लीतले लोक ते अण्णांकडे घेऊन यायचे. आई गेल्यावर ते करकंबच्या घरी एकटे राहत. शेजारी चुलती, ती दोन वेळचं जेवण द्यायची. त्यांना तिथून हलायचं नव्हतं.

भाऊ पुण्यात असतो, चौथ्या मजल्यावर. तो म्हणाला, "आक्का, मी त्यांना माझ्याकडे नेतो. डॉक्टर जवळ आहेत."

अण्णा म्हणाले, "तुज्या त्या खुराड्यात मी मरायच्या आदीच मरंन."

शेवटी मी मध्यस्थी केली. दसऱ्यापर्यंत अण्णांनी सोलापुरात माझ्याकडे राहायचं. हाताचा व्यायाम करायचा. अंघोळ, कपडे, स्वतःचं सगळं स्वतः करायचं. ते जमलं तर करकंब, नाही जमलं तर पुणे. दोघांनी मान्य केलं. बघणार कोण, तर मी. मीच घरात नियम केला, की अण्णांच्या कपड्यांना कोणी हात लावायचा नाही. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मी त्यांच्या पलंगावर ठेवणार. आत ठेवायचे आणि काढायचे त्यांनी.

ठेवायला त्यांना काहीतरी हवं होतं. मी ठरवलं, खणांचं कपाट करायचं.

एप्रिल आणि मे, सोलापूरचे. शेडमध्ये पत्र्याखाली मी ओला टॉवेल डोक्याला बांधून काम केलं. सगळ्यात नाजूक काम म्हणजे खण बसवणं. खण किती घट्ट ठेवायचा? व्हिडिओतल्या म्हाताऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं आणि मी ते माझ्या नेहमीच्या ठळक अक्षरात शेडच्या भिंतीवर लिहून चिकटवलं होतं. लाकूड उन्हाळ्यात फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं. म्हणून हिवाळ्यात खण करत असाल तर फट ठेवा. उन्हाळ्यात करत असाल तर घट्ट बसवा, थंडीत तो आपोआप मोकळा होईल.

मी घट्ट बसवला. इतका, की एक खण आत ढकलला की आतल्या हवेने दुसरा हळूच पुढे यायचा. मी अण्णांना शेडमध्ये बोलावून दाखवलं. त्यांनी खण ढकलला, दुसरा पुढे आलेला बघितला, पुन्हा ढकलला.

"पिस्टनवानी बसलंय की गं आक्का! कुटं शिकलीस?"

"अमेरिकेत," नवरा म्हणाला. "गच्चीवरच्या."

"पाव्हणं, हसू नका. हे येरागबाळ्याचं काम न्हाय."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पन्नाशीला आले तरी वडिलांनी हातच्या कामाची तारीफ करावी, ही माझी कधी पूर्ण न झालेली इच्छा होती. कपाटाचा फोटो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. वरच्या खणात सदरे आणि बंड्या, मधल्यात धोतरं आणि लेंगे, खालच्यात चादरी. मे-जूनमध्ये अण्णा रोज सकाळी खण ओढायचे, सदरा काढायचे, खण लावायचे. मधला खण पुढे आला की त्याला गुडघ्याने ढकलायचे आणि स्वतःशीच हसायचे.

पावसाळ्यात सगळं बदलत गेलं, आणि ते मी चुकीचं वाचलं.

त्या वर्षी सोलापुरात रिपरिप बरीच लागली. धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते. अण्णा तेच दोन सदरे घालायला लागले. एक अंगावर, एक दोरीवर. कधी दोरीवरचा पुरता वाळलेला नसायचा तरी चढवायचे. पलंगावर ठेवलेल्या घड्या उशीशेजारी तशाच दिसायला लागल्या. मी एक-दोनदा दुर्लक्ष केलं. मग बोलले.

"अण्णा, खण भरून कपडे आहेत, आणि हाच चुरगळलेला सदरा?"

"ऱ्हाऊ दे की. कुटं लगनाला जायाचंय मला?"

"आणि हे कपडे उशीशी का?"

"हाताशी बरं पडतंय."

ते चेष्टेत बोलत, पण माझ्याकडे बघत नसत. हळूहळू बाकीचंही दिसायला लागलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. जेवताना भाकरी मोडायच्या आधी हात झटकायचे. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू दिवसभर हातात. मी आले की उशीखाली. एकदा दुपारी मी लवकर घरी आले तर ते पलंगाच्या कडेला बसून दोन्ही पंजे गुडघ्यांवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होते. वस्तू दुरुस्तीला आल्यावर बघायचे तसे. मला बघून ते उठले आणि उगाचच पंखा बंद केला.

मी निष्कर्ष काढला. कामाच्या ठिकाणी मला याचाच पगार मिळतो, चार खुणा बघून वेळेवर निर्णय घेण्याचा. मी स्वयंपाकघरातून भावाला फोन लावला.

"तू म्हणत होतास तेच खरं. हात गेलेत त्यांचे. कपडेसुद्धा काढून घालता येत नाहीत. दसऱ्याची वाट बघण्यात अर्थ नाही."

"नक्की ना आक्का?"

"मी रोज बघतेय. तू येऊन घेऊन जा."

फोन ठेवून वळले तर दारात अण्णा उभे होते, रिकामा कप घेऊन. दोन्ही हातांनी धरलेला. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, अगदी हळू, आवाज न करता, आणि बाहेर गेले. मला वाटलं, बरं झालं, कधीतरी सांगायचंच होतं.

रविवारी सकाळी भाऊ आला. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, अंघोळ करून, तोच सदरा घालून. भांडले नाहीत. पुण्याला चौथ्या मजल्यावर लिफ्ट आहे का, एवढं विचारलं. भावाने "आहे की अण्णा" म्हटलं, त्यावर त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्याने मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. काम सुरळीत चाललं होतं.

मी बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. बॅग भरायचं काम माझं, म्हणजे पावसाळा लागल्यापासून त्या खणाला मी पहिल्यांदा हात लावत होते. वरचा खण ओढला.

आला नाही.

मला वाटलं आत काही अडकलंय. दोन्ही मुठी धरून ओढला. मधला ओढला. खालचा ओढला. सगळा जोर लावून पुन्हा वरचा ओढला. कपाट फरशीवर माझ्याकडे सरकलं, खण जागचा हलला नाही.

समजायला वेळ लागला नाही. मी त्या कपाटासमोर फरशीवर बसले. व्हिडिओतल्या त्या म्हाताऱ्याच्या गावचा उन्हाळा दमट असतो आणि हिवाळ्यात घरोघर शेगड्या पेटवून हवा कोरडी होते. त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. सोलापुरात मे महिन्याइतकं कोरडं काही नसतं. लाकूड सगळ्यात आकसलेलं असताना मी खण घट्ट बसवले होते, आणि पावसाळ्यात ते फुगून गच्च झाले. यासाठी पुस्तक लागत नाही. आमच्या मोरीचं दार दर पावसाळ्यात अडकतं. दर पावसाळ्यात मी त्याला लाथ मारून उघडते. इतकी वर्षं या गावात राहून मला हे माहीत होतं, पण भिंतीवर मी ते दुसरं लिहून ठेवलं होतं ना.

आणि अण्णा रोज सकाळी या खणाशी झटत होते. खण येत नव्हता. पिस्टनसारखा बसलेला, लेकीने केलेला, सगळ्यांनी वाखाणलेला खण वाईट असेल हे त्यांच्या मनात आलंच नाही. त्यांना वाटलं, हात गेले.

इथे मी दुसरी चूक केली. माझ्या हाताखाली काही बिघडलं की मी आधी दुरुस्त करते, मग सांगते. कपाटाच्या मागच्या फळ्या तेवढ्या स्क्रूने लावलेल्या होत्या. त्या काढल्या, आतून लाकडी हातोडीने ठोकून वरचा खण बाहेर काढला, गच्चीवर नेला, दोन्ही कडांना रंधा मारला, परत आणून बसवला. लोण्यासारखा सरकायला लागला. मग मी अंगणात जाऊन सगळं सांगितलं. लाकूड कसं फुगलं, चूक कशी माझी. भाऊ ऐकत राहिला. अण्णांना हाताला धरून आत आणलं.

"ओढा."

त्यांनी ओढला. खण अलगद आला. आत सदरे, जूनमध्ये ठेवले होते तसे. अण्णांनी तो बघितला, मग रंध्याने पांढऱ्या पडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"आता तू ढिला केलास, आक्का. आता तीन वर्सांचं पोरगंबी उगडंल."

"अण्णा, आधी तो कोणालाच उघडता आला नसता."

"व्हय व्हय." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "बापाला बरं वाटावं म्हून बोलतीस. कळतंय मला."

त्या थोपटण्याइतकं वाईट मला कशानेच वाटलं नाही. हात गेलेत ही मीच पक्की केलेली समजूत त्यांनी मलाच परत दिली. आणि मी पुरावा रंध्याने काढून टाकला होता.

नशिबाने सगळा नव्हता. खालचे दोन खण अजून तसेच होते. मी नवऱ्याला हाक मारली. तो पेपर वाचत होता.

"मधला खण ओढ."

"कशाला?"

"ओढ म्हटलं ना."

त्याने एका हाताने ओढला. मग दोन हातांनी. मग चष्मा काढून ठेवला. "हा खण आहे की बँकेची तिजोरी?"

भाऊ म्हणाला, "दाजी, सरका. तुमचं काम नाही ते." भाऊ रोज जिमला जातो आणि ते आम्हाला सतत सांगतो. त्याने पाय फाकवून मुठी धरल्या आणि हिसका दिला. उजवी मूठ त्याच्या हातात आली आणि तो मागच्या मागे अण्णांच्या पलंगावर बसला.

नवरा म्हणाला, "घ्या. जिमची फी वाया."

कोणी हसलं नाही असं नाही. अण्णाही हसले, पण ते त्या मुठीकडे बघत होते. मग त्यांनी भावाला विचारलं, "खरंच येत न्हाय?"

"नाही येत, अण्णा. आईशप्पथ."

"तू जोर लावलास?"

"हे बघा ना!" त्याने लाल झालेला तळहात पुढे केला.

अण्णांनी तो हात आपल्या हातात घेऊन नीट बघितला. मग पलंगावर त्याच्या शेजारी बसले.  म्हणाले, "मला वाटलं व्हतं, आता लेंग्याची नाडीबी कुनीतरी बांधायची."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत? एका शब्दाने सांगायचं, खण उघडत नाही म्हणून."

"तुला सांगितलं असतं तर तू फोन केला असतास की."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. सरळ, दोन अधिक दोन सांगावे तसं. भाऊ खाली बघायला लागला. अण्णा न सांगता राहिले ते फोन टाळायला, आणि तो फोन मी केलाच होता.

भाऊ म्हणाला, "आक्का, मग आता तू सांग. हात कसे आहेत त्यांचे?"

सगळे माझ्याकडे बघत होते, अण्णासुद्धा. करकंब की पुणे, ते माझ्या एका वाक्यावर होतं. पहिल्या वेळी ते वाक्य मी किती पटकन बोलले होते! या वेळी मला सापडेना. मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी हात बघितलेच नाहीत. सदरा बघितला."

"मग?"

"मग ते सांगतील तसं. त्यांना विचार."

भावाने विचारलं. अण्णा म्हणाले, "करकंब." दुसरा शब्द नाही. दसऱ्यापर्यंत थांबलेही नाहीत. दुपारी जेवून भावाच्याच गाडीतून गेले. बॅग त्यांनी स्वतः भरली. मी दारात उभी राहिले आणि हात पाठीमागे बांधून ठेवले, कारण त्यांना चेन लावायला वेळ लागत होता.

कपाट नेता का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. नंतर मी उरलेल्या दोन खणांना रंधा मारला, मूठ बसवली, भिंतीवरचा कागद काढला. आता खण बाराही महिने उघडतात. पाहुण्यांना त्यातलं काही दिसत नाही.

दिवाळीनंतर मी करकंबला गेले. अण्णांचं ठीक चाललं होतं. सदरा स्वच्छ होता, दाढी केलेली होती. चुलती म्हणाली, "सगळं आपल्या हातानं करत्यात, मला काय बी करू देत न्हाईत." मी समाधानाने पाटावर बसले. अण्णा पान वाढायला मदत करत होते. लोणच्याची बरणी त्यांनी फळीवरून उतरवली, झाकणाला हात लावला आणि न फिरवताच थांबले. क्षणभरच. मग बरणी माझ्यासमोर ठेवली.

"तूच उगड, आक्का. मला न्हाय निगायचं."

मी झाकणाला हात लावला. ते सैलच होतं.